सेरामपूर: हुगळीकाठचं डॅनिश गाव आणि छापील मराठीचं आजोळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या वसाहतींच्या गावांवरचा लेख वाचला. पणजीचं फोंतेन्यस आलं, पाँडिचेरीच्या पिवळ्या भिंती आल्या, कोचीची चिनी जाळी आली. फोटो मस्त होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सगळं आता इतक्या वेळा छापून आलंय की पिवळी भिंत दिसली की मी पान उलटतो. आणि ज्या गावाचा आपल्या मराठीशी थेट संबंध आहे, ते गाव नेहमीप्रमाणे सुटलं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर बिनधास्त कापा, पण वैजनाथ पंडितांचा भाग ठेवा एवढी विनंती.

गावाचं नाव सेरामपूर. बंगाली लोक श्रीरामपूर म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडे श्रीरामपूर म्हटलं की साखर कारखाने डोळ्यासमोर येतात. हे श्रीरामपूर पश्चिम बंगालमधलं, हुगळी जिल्ह्यातलं, नदीच्या पश्चिम काठावरचं. हावडा स्टेशनवरून मेन लाइनची कुठलीही बर्धमान किंवा बंडेल लोकल पकडायची, लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, हिंदमोटर, कोन्नगर, रिषडा आणि मग सेरामपूर, अर्धा-पाऊण तासाचा मामला. मी मूळचा नागपूरचा, नोकरीमुळे कोलकात्यात आलो आणि इथलाच झालो. नागपूरहून, मुंबईहून पाहुणे येतात, त्यांना व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट एवढंच हवं असतं, पुढचं तिकीट गंगासागर नाहीतर दार्जिलिंगचं काढलेलं असतं. सेरामपूरला चला म्हटलं की "तिथे काय आहे?" हा ठरलेला प्रश्न.

तर तिथे काय आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे गाव इंग्रजांनी वसवलेलं नाही. हे डेन्मार्कचं. म्हणजे आपल्याला डॅनिश म्हटलं की बेकरीतली पेस्ट्री आठवते तो डेन्मार्क. १७५५ साली डॅनिश एशियाटिक कंपनीने नवाब अलीवर्दी खानाकडून परवानगी मिळवली, ऑक्टोबरमध्ये झेंडा लावला आणि राजा पाचव्या फ्रेडरिकच्या नावाने गावाला फ्रेडरिक्सनगर म्हणायला लागले. त्या काळी हुगळीच्या या पट्ट्यात प्रत्येक युरोपियन देशाने आपापला घाट धरून ठेवला होता. बंडेलला पोर्तुगीज, चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच, खाली कोलकात्यात इंग्रज, आणि मधे हे डॅनिश. लोकलने अर्ध्या दिवसात चार-पाच देश फिरून होतात, पासपोर्ट लागत नाही.

आता अलीवर्दी खान हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं, निदान नागपूरकरांच्या तरी. आपल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या त्या याच नवाबाच्या काळात. पहिल्या स्वाऱ्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, त्यांना १७४४ मध्ये बोलणी करायला म्हणून बोलवून दगाफटक्याने मारलं ते याच अलीवर्दीने. मराठ्यांनी हुगळी शहर काही काळ ताब्यात ठेवलं होतं. कोलकात्यातल्या इंग्रजांनी तर घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच म्हणून तो नकाशावर होता. शेवटी १७५१ मध्ये तह झाला, ओडिशा भोसल्यांकडे गेला आणि वर बारा लाखांची चौथ. त्यानंतर चार वर्षांनी डॅनिश लोक आले. म्हणजे मराठ्यांची घोडी जाऊन काठ जरा शांत झाल्यावर हे गाव उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय चुकवता येत नाही बरं का. तुमचं आडनाव ऐकलं की कुणीतरी हसत हसत म्हणणारच, "अच्छा, बर्गी!" इथल्या आया लहान मुलांना झोपवताना बर्गी आले म्हणून घाबरवायच्या, ते बर्गी म्हणजे आपणच. आपल्या शाळेत अटकेपार झेंडे शिकवतात, इथल्या खेड्यापाड्यात त्या स्वाऱ्यांमध्ये काय झालं ते कुणी शिकवत नाही. भात जाळला, गावं लुटली, विणकर पळाले, हे इथल्या लोकांच्या आठवणीत आहे आणि त्यात अतिशयोक्ती असेल तर थोडीच असेल. मला वाटतं हे मान्य करून टाकलं की बंगाली माणसाशी गप्पा मारणं जास्त सोपं जातं. असो, विषय सेरामपूरचा.

डॅनिश लोक मुळात व्यापाराला आले. सुती कापड, रेशीम, सोरा (बंदुकीच्या दारूला लागतो तो), असला माल. त्यांची खरी चांदी झाली ती दुसऱ्यांच्या भांडणात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, मग फ्रान्सशी युद्धं, यात इंग्रज, फ्रेंच, डच सगळ्यांची जहाजं एकमेकांच्या हाती लागायची, डॅनिश मात्र तटस्थ, त्यांच्या झेंड्याखाली माल सुखरूप जायचा. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज साहेब स्वतःची खाजगी कमाई (ती कशी केली ते विचारू नका) डॅनिश जहाजांमधून गुपचूप युरोपला पाठवायचे. शिवाय कोलकात्यात कर्ज बुडवलेला माणूस रातोरात नावेत बसून सेरामपूरला आला की सुटला, कारण इथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. एवढंसं गाव, पण व्यापारी, दलाल, दिवाळखोर, खलाशी सगळे गोळा झालेले. १७८६ मध्ये जेम्स पार नावाच्या इंग्रजाने नदीसमोर टॅव्हर्न काढली, खाणं-पिणं-मुक्काम, सगळं एका ठिकाणी. ती इमारत अजून आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आणि याच "इंग्रजांचा कायदा चालत नाही" या गोष्टीमुळे मराठीचा धागा इथे येतो.

ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या राज्यात मिशनरी नको होते. धर्मप्रेम वगैरे काही नाही, उगाच लोक भडकतील आणि धंदा बसेल ही भीती. १८१३ च्या सनदेपर्यंत हेच धोरण होतं. विल्यम कॅरी हा मूळचा चांभारकाम करणारा, स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकलेला इंग्रज, १७९३ ला बंगालमध्ये आला तो नीळीच्या कारखान्यात नोकरी धरून राहिला. १७९९ च्या शेवटी त्याचे जोडीदार मार्शमन आणि वॉर्ड अमेरिकन जहाजातून आले आणि कंपनीच्या हातात सापडायला नको म्हणून सरळ सेरामपूरला उतरले. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आसरा दिला. कॅरी जानेवारी १८०० मध्ये तिथे पोचला, सोबत एक लाकडी छापयंत्र. वॉर्ड मुळातच छपाईवाला. आणि त्यांना मिळाला पंचानन कर्मकार.

या पंचाननबद्दल आपल्याकडे कुणालाच माहिती नसते. जातीने लोहार, हाताने पोलादी ठशांवर अक्षरं कोरणारा कारागीर. १७७८ ला हुगळीत पहिलं बंगाली टाइपातलं पुस्तक निघालं त्या कामात चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली तो होता. पुढे सेरामपूरला आला आणि त्याच्या हातून बंगाली आणि देवनागरी टाइप तयार झाले. जरा विचार करा, देवनागरीत जोडाक्षरं किती, वर रफार, खाली उकार, काना मात्रा वेलांटी, प्रत्येकाचा वेगळा ठसा, तो उलटा कोरायचा, तांब्यात उठवायचा, मग शिशाचा रस ओतून एकेक खिळा काढायचा. काही शे ठसे कोरल्याशिवाय एक ओळ जुळत नाही. पंचानन थोड्याच वर्षांत वारला, मग त्याचा जावई मनोहर याने ते काम पुढे कित्येक वर्षं चालवलं. कॅरीचा पुतळा, कॅरीचं नाव, सगळं आहे, आणि ते असावंही, पण माझ्या मते त्या छापखान्याचा खरा हिरो हे सासरा-जावई.

आता मराठी कुठून आली? इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने १८०० मध्ये कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, कंपनीच्या पोरसवदा अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला. कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृत शिकवायचा, मग मराठीही त्याच्याकडे आली. आठवड्यात काही दिवस नावेने कोलकात्याला, बाकी दिवस सेरामपूर. आणि मराठीची गरज का पडली ते वेगळं सांगायला नको. याच वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर, त्याने १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली, वर्ष संपता संपता देवगावचा तह झाला, कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेला. ज्यांचा मुलुख घेतला त्यांची भाषा कारकुनांना यायला पाहिजे, इतका साधा हिशोब. मला नागपूरकर म्हणून हे वाचताना जरा टोचतं, पण हिशोब तोच होता.

तर १८०५ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून कॅरीचं मराठी व्याकरण निघालं. इंग्रजी मजकूर आणि मराठी शब्द देवनागरीत. त्याच वर्षी मॅथ्यूचं शुभवर्तमान मराठीत निघालं. त्यानंतर तिथे मोडीचे टाइप ओतले गेले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द चक्क मोडीत छापलेले. मोडी, संपादक साहेब! जी आज आपल्याकडे जमिनीची जुनी कागदपत्रं वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो ती मोडी, शिशाच्या खिळ्यांत, बंगालमध्ये, डॅनिश झेंड्याखाली, एका इंग्रजाने, बंगाली लोहारांच्या हातून. पुढे १८१४ मध्ये सिंहासन बत्तिशी, मग हितोपदेश, भोसल्यांची वंशावळी, अशी मोडीतली पुस्तकं तिथून निघाली.

इथे जाणकार लगेच हरकत घेणार म्हणून आधीच सांगतो. मराठी छपाईची ही एकमेव सुरुवात असा माझा दावा नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेतलं एक मराठी व्याकरण छापलं गेलं. १८०२ मध्ये मुंबईच्या बॉम्बे कुरियरमध्ये मोडीतली जाहिरात आली होती. तंजावरला सरफोजीराजांनीही १८०६ मध्ये मराठी पुस्तक छापलं, तो वेगळा आणि फार सुंदर विषय आहे. पण आपल्या लिपीत, एकामागून एक, व्याकरण, कोश, गोष्टी, वंशावळ अशी मराठी पुस्तकं सलग छापण्याचा उद्योग सुरू झाला तो सेरामपूरला, पुण्या-मुंबईच्या बराच आधी. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, आणि गणपत कृष्णाजींचं पंचांग तर १८३१ सालचं. म्हणून मी सेरामपूरला छापील मराठीचं आजोळ म्हणतो. जन्म तिकडे, वाढ इकडे.

आणि आता वैजनाथ पंडित. कॅरी कितीही हुशार असला तरी त्याला मराठी काय झोपेत आली नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ शर्मा, व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरीने त्यांचं ऋण मान्य केलंय. मोडीत छापलेल्या त्या गोष्टीच्या पुस्तकांवर काम त्यांचंच. म्हणजे घरदार सोडून बंगालच्या दमट हवेत एक मराठी ब्राह्मण बसलाय, समोर एक इंग्रज "याचं अनेकवचन काय, याचा लिंगभेद काय" विचारतोय, आणि हे सांगताहेत. दाट शक्यता अशी की मराठीत "नाकात दम आणणे" या वाक्प्रचाराचा अर्थ कॅरीला त्यांनी अनुभवातूनच समजावला असेल! या माणसाच्या नावाने आपल्याकडे एखादा रस्ता, एखादी व्याख्यानमाला माझ्या तरी पाहण्यात नाही. मराठी कोशवाल्या मोल्सवर्थचं नाव तरी लोक घेतात, वैजनाथ पंडितांना कोण ओळखतं?

हे लोक धर्मप्रसारालाच आले होते, ते लपवायचं कारण नाही. आपल्या देवाधर्माबद्दल त्यांनी जे काही छापलं त्यातलं बरंच आज वाचवत नाही, खुद्द राममोहन रॉय यांच्याशीही त्यांचे जोरदार वाद झाले. पण दुसऱ्या बाजूला बघा, सतीबंदीचा कायदा डिसेंबर १८२९ मध्ये झाला तेव्हा त्याचा बंगाली अनुवाद करायचं काम कॅरीकडे आलं, रविवार होता, त्याने चर्चमधलं प्रवचन दुसऱ्यावर सोडलं आणि दिवसभर बसून अनुवाद संपवला, एक दिवस उशीर म्हणजे आणखी किती बायका जळतील म्हणून. ज्याला शिव्या द्यायच्या त्याने द्याव्यात, पण दोन्ही गोष्टी ठाऊक असू द्याव्यात.

तुम्ही वर्तमानपत्रवाले, म्हणून तुमच्यासाठी खास. १८१८ च्या मे महिन्यात सेरामपूरहून समाचार दर्पण हे बंगालीतलं अगदी सुरुवातीचं वर्तमानपत्र निघालं, पुढे १८२९ पासून ते बंगाली आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघायला लागलं. आणि ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत काढलेल्या पहिल्या मराठी वर्तमानपत्राचं नाव दर्पण, तेही मराठी आणि इंग्रजीत. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, पण पत्रकार दिनाला हार घालताना एखाद्या वर्षी सेरामपूरचाही उल्लेख करायला काय हरकत आहे? तिथूनच निघालेलं फ्रेंड ऑफ इंडिया पुढे स्टेट्समनमध्ये सामील झालं.

छापखान्याला मार्च १८१२ मध्ये आग लागली. कागदाचे ढीग, चौदा-पंधरा भाषांचे टाइप, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखितं, कॅरीचा अनेक भाषांचा कोश, सगळं गेलं. मात्र पोलादी ठसे ढिगाऱ्यात सापडले आणि वितळलेल्या शिशातूनच पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली. वाळवी खाणार नाही असा कागद करायचा म्हणून त्यांनी कागदाची गिरणी काढली, १८२० मध्ये तिच्यासाठी वाफेचं इंजिन विलायतेहून आणलं. आसपासच्या गावातले लोक ते बघायला झुंबड करायचे म्हणतात, आणि करणारच ना, त्याआधी असलं काही इकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता आज तिथे काय दिसतं ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील नुसता इतिहास पाजतोय.

स्टेशनबाहेर पडलात की आधी कुठल्याही बंगाली गावासारखी गर्दी, टोटो (आपली ई-रिक्षा), मिठाईची दुकानं, मोबाइल रिचार्ज, दवाखान्यांच्या पाट्या. नदीच्या दिशेने गेलात की मधेच रस्ता रुंद होतो आणि समोर सेंट ओलाव्ह चर्चचं शिखर दिसतं. १८०० मध्ये काम सुरू झालं, १८०६ मध्ये पुरं झालं, वर्गणीत वेलस्लीनेही हजार रुपये टाकले होते. समोर नदीपलीकडे बराकपूरला त्याचा बंगला, तिथून बघताना शिखराशिवाय देखावा अपुरा वाटायचा म्हणून दिले अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, माणूस त्याच जातीचा होता. दर्शनी भागावर राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्रा आहे, एकमेकांत गुंतवलेली अक्षरं, ती मान वर करून नीट बघा. काही वर्षांपूर्वी हे चर्च अगदी पडायला आलं होतं, छत धोकादायक म्हणून बंद होतं. मग डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय आणि बंगालमधल्या वारसा क्षेत्रातल्या लोकांनी मिळून ते दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. जेम्स पारची टॅव्हर्नही त्याच कामात उभी राहिली. छप्पर गेलेलं, भिंतीतून झाडं उगवलेली, अशी ती इमारत होती, २०१८ पासून तिथे कॅफे आणि राहायच्या खोल्या आहेत. उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, चहा जरा महाग आहे, पण बसायला पैसे लागत नाहीत असं समजून प्या.

तिथून नदीच्या कडेने चालत कॉलेज. १८१८ मध्ये कॅरी-मार्शमन-वॉर्ड यांनी काढलेलं, जातधर्म न बघता सगळ्यांना प्रवेश. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या द्यायचा अधिकार दिला, त्या राज्यात तो अधिकार त्याआधी फक्त कोपनहेगन आणि कीलच्या विद्यापीठांना होता. म्हणजे मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठं निघायच्या तीस वर्षं आधी. मोठ्या खांबांची पांढरी इमारत थेट नदीकडे तोंड करून उभी आहे, आत कॅरीच्या नावाचं ग्रंथालय आहे. पुढे मिशनच्या कबरस्तानात कॅरी पुरला आहे, १८३४ साली गेला. स्वतःच्या थडग्यावर त्याने लिहून घेतलंय की मी एक दीन, असहाय किडा. एवढं काम केलेला माणूस असं लिहितो, आणि आपल्याकडे नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघा.

डॅनिशांचा शेवट मात्र साधाच झाला. १८०८ ते १८१५ इंग्रजांनी गाव ताब्यात ठेवलं, परत मिळाल्यावर व्यापार काही परत आला नाही, मँचेस्टरच्या कापडाने इथलं कापड मारलं. शेवटी १८४५ मध्ये सेरामपूर आणि तिकडे तमिळनाडूतलं तरंगंबाडी मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं. इथल्या गोस्वामी घराण्याने गाव आपणच विकत घ्यायची तयारी दाखवली होती अशी दंतकथा आहे, त्यांची राजबाडी आजही उभी आहे, दुर्गापूजा होते. नंतर १८५४ मध्ये रेल्वे आली, पूर्व भारतातली पहिली गाडी हावड्याहून हुगळीला गेली ती इथे थांबत गेली. १८५५ मध्ये शेजारच्या रिषड्याला देशातली पहिली ज्यूट मिल निघाली आणि मग काठभर चिमण्या. त्यातल्या बऱ्याच आता थंड आहेत.

धर्माचं अंग म्हणाल तर सेरामपूरमधल्याच माहेशची रथयात्रा पुरीच्या खालोखाल जुनी मानतात, १३९६ पासूनची परंपरा सांगतात. सध्याचा रथ लोखंडी, १८८५ सालचा, चारमजली इमारतीएवढा. आषाढात गेलात तर गर्दीत चेंगराल पण बघाल.

आणि नदी. दुपारी घाटावर नुसतं उभं राहा. इथे हुगळीला भरती-ओहोटी असते, समुद्र इतका लांब असूनही. जलपर्णीचे हिरवे पुंजके खाली समुद्राकडे वाहत असतात, मग मधेच थबकतात, गोल फिरतात आणि थोड्या वेळाने चक्क उलटे, वरच्या दिशेने चालायला लागतात. फेरीवाला नाविक नाव कशी तिरकी घालायची ते त्या पुंजक्यांकडे बघूनच ठरवतो, भरतीला एकीकडून, ओहोटीला दुसरीकडून. त्या फेरीने काही मिनिटांत पलीकडे बराकपूरला जाता येतं, जिथे मार्च १८५७ मध्ये मंगल पांडे यांनी गोळी झाडली. तिकडून सियालदहची लोकल पकडून परत. एका दिवसात आरामात होतं, दुपारचं जेवण धरून.

आता मुद्द्याची तक्रार, कारण वाचकांचं पत्र तक्रारीशिवाय कसलं.

एक, आपल्या टूर कंपन्या. एका मराठी टूरवाल्यांना मी फोन करून विचारलं की कोलकात्याच्या मुक्कामात अर्धा दिवस सेरामपूर का घालत नाही, तर उत्तर आलं, "सर, पब्लिकला शॉपिंग पाहिजे." पब्लिकला कुणी सांगितलं तर पब्लिक जाईल की! आपला मराठी माणूस सिंगापूरला जाऊन वडापाव शोधतो, तो मोडीतल्या पहिल्या कोशाचं गाव बघायला नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

दोन, मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२४ मध्ये, आनंद झाला, पेढे वाटले. मग त्यातून एक साधं काम करा. सेरामपूर कॉलेजशी बोलून तिथे एक पाटी लावा, मराठी, बंगाली आणि इंग्रजीत, की या गावात १८०५ पासून मराठी पुस्तकं छापली गेली, आणि त्यावर कॅरीसोबत वैजनाथ शर्मा आणि पंचानन-मनोहर कर्मकार यांची नावं असू द्या. आणि तिथे छापलेल्या मराठी पुस्तकांच्या चांगल्या प्रती काढून, मोडीचं लिप्यंतर करून लोकांसाठी खुल्या करा. जुने स्कॅन इंटरनेटवर फिरतात, पण अर्धी पानं पुसट आणि मोडी वाचणारे किती उरलेत ते तुम्हीच सांगा. मोडीचे वर्ग चालवणाऱ्या मंडळींना हे काम दिलं तर ते उड्या मारत करतील.

तीन, हे जरा कडू आहे. डेन्मार्क हा आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येचा देश, पावणेदोनशे वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गावातलं चर्च दुरुस्त करायला माणसं आणि पैसे पाठवतो. आपल्याकडे वेंगुर्ल्याची डच वखार बघून या, रेवदंड्याचा सातखणी मनोरा बघून या. अर्जुना नदीच्या काठी राजापूरला इंग्रजांची वखार होती, महाराजांनी १६६१ मध्ये तिची खरपूस खबर घेतली, ही आपल्या शौर्याची जागा, तिथे बाहेरगावचा माणूस गेला तर त्याला काय आणि कोण दाखवणार? परक्यांच्या इमारती म्हणून सोडून द्यायच्या तर ठीक आहे, पण मग पाँडिचेरीच्या पिवळ्या भिंतींसमोर फोटो कशाला काढतो आपण.

पुढच्या पुरवणीत सेरामपूरवर लेख करायचा असेल तर वार्ताहर जरूर पाठवा. थंडीत पाठवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात घामानेच मरेल. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते आणि कॉलेज बंद, त्यामुळे आठवड्यातला दिवस बघा, ग्रंथालयासाठी आधी पत्र लिहून परवानगी घ्या. लोकल सकाळी नऊच्या आतली धरू नका, म्हणजे उलट दिशेची गर्दी टळेल. बाकी जेवायची सोय माझ्याकडे.

आपला,
एक जुना वाचक
मूळ नागपूर, सध्या कोलकाता